अप्पांची खिडकी

अकरा वर्षं चारुलता त्या घराची पायरी चढली नव्हती, आणि आता चढायची वेळ आली तीही घरधनी गेल्यावर.

इंदिरा नगरहून गोमती नगर म्हणजे काही परमुलूख नव्हे. धुकं नसेल तर वीस मिनिटांचा रस्ता. पण जानेवारीतलं लखनौ. सकाळचे दहा वाजून गेले तरी पुढच्या ई-रिक्षाचा लाल दिवा तेवढा दिसत होता, आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी ‘हे राम’ म्हणत काच पुसत होता. शेजारी रमाकांत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. काल दुपारी फोन आला तेव्हापासून त्यांनी अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. सख्खा थोरला भाऊ गेला होता त्यांचा. चारुलतेला ते कळत नव्हतं असं नाही. पण म्हणून तिच्या मनातली अढी जात नव्हती, आणि ती जावी असं तिला वाटतही नव्हतं.

“एक सांगून ठेवते,” ती म्हणाली. “मी येतेय ती मधुवहिनींसाठी. भाऊजींच्या तोंडाकडे मी बघणार नाही. दर्शन घे, पाया पड, असलं मला कुणी काही सांगायचं नाही.”

“बरं.”

“आणि तुम्हीही मध्ये पडायचं नाही.”

“नाही पडत,” रमाकांत म्हणाले आणि बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

सकाळच्या हिंदी पेपरात विनयरावांचा फोटो आला होता. चारबागच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला मुलगा सतराव्या वर्षी फौजेत गेला, बर्फातल्या चौक्यांवर उमेदीची वर्षं काढून लेफ्टनंट जनरल झाला, निवृत्त झाल्यावर सरकारनं त्याला राजदूत म्हणून पाठवलं, आणि तिथे लढाई पेटली तेव्हा त्यानं सहा दिवसांत चार हजार भारतीयांना सुखरूप बाहेर काढलं. ‘सकुशल’ असा शब्द होता पेपरात. तो वाचून चारुलतेनं पेपराची घडी केली आणि कणकेच्या डब्याखाली घातली.

कारण चार हजारांतली एकोणीस माणसं सकुशल आली नव्हती. पाचव्या दिवशी विमानतळाच्या रस्त्यावर त्यांच्या बसवर तोफगोळा पडला. त्या एकोणिसांत प्रथमेश होता. सव्वीस वर्षांचा, पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनिअर, चारुलतेचा एकुलता एक. तेव्हापासून त्या देशाचं नाव घरात कुणी घेतलं नाही. ‘तिकडे’ म्हणायचे.

आता बघा, तिकडे कुणाला कोणत्या दिवशी विमानात बसवायचं, त्याच्या याद्या कोण करत होतं? राजदूतसाहेब. आणि सख्ख्या पुतण्याचं नाव कोणत्या यादीत? पाचव्या दिवसाच्या. फौजेत म्हणे साहेब आधी जवानांना जेवू घालतो, आपण मागाहून जेवतो. जेवा ना मागाहून, कोण नको म्हणतंय! पण स्वतःचं ताट मागे ठेवणं निराळं आणि दुसऱ्याचं पोर मागे ठेवणं निराळं, हे एवढ्या मोठ्या माणसाला कळू नये? पहिल्या वर्षी चारुलतेनं त्यांना पत्र लिहिलं होतं, चार ओळींचं. तुम्ही जनरल झालात, राजदूत झालात, काका काही तुम्हाला होता आलं नाही, असं. उत्तर आलं. त्यात एकच वाक्य होतं: ‘तुझं बरोबर आहे.’ खाली सही. बस्स, तिनं तो कबुलीजबाब समजून देवघराच्या खणात ठेवून दिला, आणि अकरा वर्षं त्या एका वाक्याच्या जोरावर काढली.

गाडी थांबली. फाटकाबाहेर फौजेची दोन वाहनं उभी होती आणि दारात चपलाबुटांचा ढीग पडला होता.

विनयरावांना बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं. चारुलता भिंतीकडे तोंड करून, पदर डोक्यावर घेऊन, तशीच आतल्या खोलीत गेली. पलंगावर मधुमती बसली होती. राजदूताची बायको म्हणून दोन-दोनशे माणसांशी हसून बोलायची सवय असलेली ही बाई; आज तिच्या अंगावरची शाल एका खांद्यावरून घसरली होती आणि ती सावरायचंही तिला सुचत नव्हतं. चारुलतेनं ती नीट केली. त्यासरशी मधुमतीनं तिचा हात जो धरला तो सोडलाच नाही.

“आलीस,” ती म्हणाली. “मला वाटलं नव्हतं तू येशील.”

“तुमच्यासाठी आले, वहिनी.”

“ठाऊक आहे मला.”

पूर्वा, मधुमतीची मुलगी, पंचेचाळिशीची, विकास नगरला राहणारी, बँकेत मॅनेजर, दारात फोनवर कुणाला तरी पत्ता समजावून सांगत होती. तिची मुलगी वेदिका चहाचा ट्रे घेऊन आली. “छोटी नानी, चाय लेंगी आप?” तिनं विचारलं. नातीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येते. चारुलतेनं कप घेतला. या पोरीला तिनं पाच वर्षांची असताना शेवटचं पाहिलं होतं.

तेवढ्यात एक तरुण मेजर हातात कागद घेऊन दाराशी आला. फौजेचं सगळं कसं छापील असतं. किती वाजता पुष्पचक्रं, किती वाजता बिगुल, किती वाजता भैसाकुंडावर चिता, सगळं त्या कागदावर मिनिटागणिक टाइप केलेलं होतं.

“मॅम, सॉरी,” तो म्हणाला. “बस एक नाम रह गया है. मुखाग्नि कौन देंगे?”

“मी देते म्हटलं ना, आई,” पूर्वा म्हणाली.

“रमाकांत भावजी देतील,” मधुमती म्हणाली. “त्यांच्या पाठीवर आलेले एकच भाऊ आहेत ते. त्यांचीही तशीच इच्छा आहे. काल फोनवर स्वतः म्हणाले मला.”

चारुलतेनं कप खाली ठेवला. काल फोनवर? आपल्याला एका शब्दानं सांगितलं नाही! दाराआड उभे असलेले रमाकांत आत आले होते आणि खाली बघत होते.

“हे नाही देणार,” चारुलता म्हणाली.

“चारू, आज नको,” रमाकांत म्हणाले.

“आज नको तर कधी? उद्या? ज्या माणसानं माझ्या मुलाला पाचव्या दिवसापर्यंत तिथे ठेवलं, त्याला माझ्या नवऱ्याच्या हातचा अग्नी मिळायचा नाही. परक्यांची चार हजार पोरं त्यांना आधी दिसली. घरातलं एक नाही दिसलं. मी वाईट दिसतेय ना तुम्हा सगळ्यांना? दिसू दे.”

तिचा आवाज चढला होता आणि बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं होतं. मेजर बिचारा कागदावर नजर लावून उभा राहिला. मराठी त्याला कळत नव्हती, पण कळायला भाषा लागते असं थोडंच आहे.

“चारू, ऐक माझं,” मधुमती म्हणाली. “त्यांनी तुला कधी—”

“वहिनी!” रमाकांत ओरडले.

रमाकांत कुणावर आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. चारुलतेनं चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचा असा आवाज दोनदा ऐकला असेल. तिला वाटलं, निदान आज तरी हा माणूस आपल्या बाजूनं बोलला. तिला बरं वाटलं.

“थोडी देर में बताते हैं,” पूर्वा मेजरला म्हणाली, आणि तो सुटल्यासारखा बाहेर गेला.

दुपारी एकच्या सुमाराला गोपीनाथ वैरागडे आले. नागपूरची गाडी धुक्यामुळे पाच तास उशिरा चारबागला लागली होती, आणि गृहस्थ हातातल्या बॅगेसकट सरळ घरी आले होते. राजदूतावासात चार वर्षं ते विनयरावांचे खाजगी सचिव होते. साहेबांचे कागद, साहेबांचे फोन, साहेबांच्या भेटी, सगळं त्यांच्या हातून जायचं. आता टक्कल पडलं होतं, पाय ओढत चालत होते. बाहेर साहेबांपुढे उभं राहून ते लहान मुलासारखे रडले, मग मधुमतीला भेटायला आत आले. पूर्वानं ओळख करून दिली, “हे रमाकांतकाका, या चारूकाकू.”

गोपीनाथांनी बॅग खाली ठेवली आणि कुणाला काही कळायच्या आत वाकून चारुलतेच्या पायांना हात लावला.

“अहो, हे काय? वयानं मोठे असाल तुम्ही माझ्याहून!”

“असू द्या, वहिनी. अकरा वर्षं मनात होतं. साहेब येऊ देत नव्हते. ‘नको गोपीनाथ, त्यांना त्रास होईल’ म्हणायचे. आज साहेबच नाहीत तर कोण अडवणार?” त्यांनी डोळे पुसले. “प्रथमेशची आई ना तुम्ही? तुमच्या आणि यांच्यासारखे आईबाप मी जिंदगीत नाही पाहिले बाप्पा.”

“गोपीनाथ,” रमाकांत म्हणाले, “तुम्ही दमून आलात. जरा बसा. चहा घ्या.”

“चहा घेतो, साहेब, पण आज मला बोलू द्या. तुम्ही स्वतः काही सांगणार नाही, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.” गोपीनाथ खुर्चीवर बसले आणि चारुलतेकडे वळले. “वहिनी, दुसऱ्या दिवसाच्या विमानात एक जागा होती. साहेबांनी स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, प्रथमेश रमाकांत कारखानीस. यादी टाइप करायला मीच बसलो होतो. अन् नियमात बसत होतं हं सगळं! पोराला नुकतीच कावीळ होऊन गेली होती, आजाऱ्यांत धरलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. तेवढ्यात लखनौचा फोन लागला. साहेब दुसऱ्या फोनवरही होते म्हणून त्यांनी हा स्पीकरवर टाकला. म्हणून तर ऐकलं मी.”

“काय ऐकलं?”

“तुम्हाला ठाऊकच आहे की.”

“तुमच्या तोंडून ऐकू दे,” चारुलता म्हणाली.

गोपीनाथांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी मनातलं सांगायला मिळत होतं. “साहेब म्हणाले, ‘रमा, उद्या पाठवतोय त्याला.’ तर हे इकडून म्हणाले, ‘दादा, नाव काढ. त्याचा नंबर येईल तेव्हा येईल. अप्पांच्या खिडकीवर आईला रांग चुकली नाही, माझ्या मुलाला कशी चुकेल?’ माझ्या अंगावर काटा आला, वहिनी. साहेबांनी तीनदा विचारलं. ‘रमा, विचार कर.’ तिन्ही वेळा हेच उत्तर. मग साहेबांनी पेन घेतलं आणि नाव खोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या स्टाफला उभं करून सांगितलं, माझ्या भावानं काल असं केलं. त्यानंतर शेवटपर्यंत आमच्यापैकी एकानंही आपल्या माणसासाठी शब्द टाकला नाही.”

मधुमतीनं डोळे मिटून घेतले होते. पूर्वा आधी आईकडे, मग काकांकडे बघत राहिली. रमाकांतांनी खुर्चीची पाठ धरून ठेवली होती.

“त्या जागेवर कोण गेलं?” चारुलतेनं विचारलं.

“बस्ती जिल्ह्यातला एक गवंडी होता. पोटाचं दुखणं होतं त्याला. नाव...” गोपीनाथांनी कपाळ चोळलं. “नाही आठवत, वहिनी. बुढापा आला आता.”

“असू दे. वेदिका, यांना गरम चहा दे गं. काही खायला पण बघ. उपाशी आलेत ते.” एवढं बोलून ती उठली. मग नवऱ्याला म्हणाली, “जरा इकडे या.”

अप्पांच्या खिडकीची गोष्ट कारखानिसांच्या घरात प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितली जायची. अप्पा, म्हणजे विनय-रमाकांतांचे वडील, चारबाग स्टेशनवर तिकीटखिडकीवर बाबू होते. एका उन्हाळ्यात सासूबाईंना साताऱ्याहून तार आली, आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब ये. त्या दोन्ही पोरांना घेऊन स्टेशनवर गेल्या आणि नवऱ्याच्याच खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एकच माणूस राहिला असताना त्या गाडीच्या जागा संपल्या. शेवटची तिकिटं अप्पांनी त्या माणसाला दिली, खिडकी बंद केली, आणि बायकोला टांग्यात बसवून घरी पाठवलं. त्या दोन दिवसांनी निघाल्या. पोचल्या तेव्हा आईला नेऊन झालं होतं. गोष्ट सांगताना सगळे कौतुकानं हसायचे, असे होते आमचे अप्पा! चारुलताही नवी नवरी असल्यापासून हसत आली होती. सासूबाई मात्र नेमक्या तेव्हा भाजी करपली का बघायला स्वयंपाकघरात जायच्या. दर वेळी जायच्या. हे तिच्या आज लक्षात आलं.

ती विनयरावांच्या अभ्यासिकेत आली होती. भिंतीवर फोटो होते, पलटणीचे, परदेशी पाहुण्यांचे, बर्फातले. हीटर बंद होता. रमाकांत आत आले आणि दार लावून तिथेच उभे राहिले.

“तीनदा विचारलं त्यांनी?”

“हो.”

“मला एकदा विचारलं असतंत.”

रमाकांत दाराला टेकले.

“कुठे होते मी तेव्हा?”

“स्वयंपाकघरात. कुकर लावत होतीस.”

आठवलं तिला. हे आत आले होते, फ्रिजमधलं पाणी घेतलं होतं आणि म्हणाले होते, दादाशी बोलणं झालं, काळजी करू नकोस. आणि तिनं काळजी केली नव्हती! त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली होती.

“चारू, मला वाटलं तीन दिवसांचा तर प्रश्न आहे,” रमाकांत म्हणाले. “सगळेच येणार होते. रस्ता चालू होता तोपर्यंत. दादा तिथे होता. मला वाटलं, साहेबांचा पुतण्या म्हणून आधी आला, असं त्याला जन्मभर ऐकावं लागेल.”

“ऐकलं असतं त्यानं. जिवंत राहून ऐकलं असतं. कान होते त्याला.”

“मला मार, शिव्या दे—”

“शिव्या मी दिल्या. अकरा वर्षं दिल्या. कुणाला दिल्या? दर नऊ एप्रिलला, तो गेला त्या दिवशी, मी बसून तुमच्या भावाला तळतळून बोलायची आणि तुम्ही समोर मान हलवायचात. फोन वाजायचा त्यांचा, मी उचलून आपटायची. तुम्ही तिथेच पेपर वाचत असायचात. कसं गिळलंत हो तुम्ही अन्न?”

रमाकांत स्टुलावर बसले. रेल्वेचे पूल बांधलेला माणूस, पण आता त्याला धड बसताही येत नव्हतं.

“सांगणार होतो,” ते म्हणाले. “तेराव्याच्या दिवशी दादाला फोन केला. म्हटलं, आज तिला सांगतो. तो म्हणाला, नको सांगूस. तिला कुणावर तरी रागवायचंच आहे, तर माझ्यावर रागवू दे. तिला तुझ्याबरोबर राहायचंय, माझ्याबरोबर नाही.”

चारुलता भिंतीवरच्या फोटोंकडे बघत राहिली. एकात विनयराव कुठल्याशा राजासमोर ताठ उभे होते, छातीवर पदकं. तुझं बरोबर आहे. देवघराच्या खणात होतं ते वाक्य. तिला एकदम इतकं रडू आलं की तिनं पदर तोंडात कोंबला. रमाकांत उठायला लागले तशी तिनं हातानंच त्यांना तिथे बसवलं.

“आणि तुम्ही ऐकलंत त्यांचं,” ती सावरल्यावर म्हणाली.

“ऐकलं.”

“तीनदा विचारलं ते नाही ऐकलंत. हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकलंत.”

तिनं दार उघडलं. मधुमती बाहेरच उभी होती.

“तुम्हाला माहीत होतं,” चारुलता म्हणाली.

“शपथ घातली होती त्यांनी मला. कितीदा वाटलं, गाडी काढावी आणि इंदिरा नगरला येऊन सांगून टाकावं तुला. गेल्या दिवाळीत तर तुमच्या फाटकापर्यंत आले होते गं.”

“वहिनी, हे अग्नी देणार नाहीत.”

“चारू, अजूनही?”

“मघाशी म्हटलं ते भाऊजींसाठी म्हटलं होतं. आता यांच्यासाठी म्हणतेय. यांचा हात लागायचा नाही. पूर्वा देईल. तिची इच्छा आहे, तिचा हक्कही आहे. मी जाते तिच्याबरोबर भैसाकुंडावर.”

मधुमतीनं तिच्या खांद्यावरून पलीकडे, खोलीत बसलेल्या दिराकडे पाहिलं. रमाकांत स्टुलावरून उठले नाहीत. मग मधुमतीनं पूर्वाला हाक मारली आणि पूर्वा मेजरला शोधायला गेली.

अडीच वाजता दर्शनाची रांग लागली. विनयरावांनी तेही लिहून ठेवलं होतं, म्हणे चार वर्षांपूर्वीच: आधी ड्रायव्हर, माळी, जवान, मग शेजारीपाजारी, मित्र, अधिकारी, सगळ्यांत शेवटी घरचे. रांग व्हरांड्यातून बागेत, बागेतून फाटकाबाहेर गेली होती. धुकं विरळ झालं होतं, पण ऊन काही पडलं नव्हतं. शेजारचे मिर्झासाहेब टोपी सारखी करत उभे होते, कॉलनीतल्या बायका हळू आवाजात भाभीजींच्या तब्येतीची चौकशी करत होत्या. चारुलता सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. सकाळी ती म्हणाली होती, तोंड बघणार नाही. आता कुणी तिला त्याची आठवण करून दिली नाही.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. तिनं एक हात भिंतीला टेकवला. तिचे गुडघे गेल्या वर्षीपासून कामातून गेले होते. रमाकांत तिच्या मागे येऊन उभे होते, हातभर अंतर ठेवून.

“चारू,” ते हळूच म्हणाले, “तुला उभं राहवत नाहीये. पुढे चल. मी मेजरला सांगतो, लगेच सोडेल तो.”

तिनं मागे वळून पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. बहात्तर वर्षांचा, दाढी न केलेला, मफलर तिनंच विणलेला.

“नको,” ती म्हणाली. “आपल्या घरात रांग मोडत नाहीत ना?”

रमाकांतांची मान खाली गेली. रांग पुढे सरकली, चारुलताही सरकली. व्हरांडा आला, उंबरा आला, उदबत्तीचा वास आला. गोपीनाथ कोपऱ्यात बॅगेवर हात ठेवून बसले होते. त्यांनी तिला पाहून आदरानं हात जोडले. बिचाऱ्याला अजून काही कळलं नव्हतं. आणि मग ती विनयरावांसमोर आली.

किती लहान झाले होते! अकरा वर्षांपूर्वीचे ते उंचेपुरे, दारातून वाकून आत येणारे भाऊजी कुठे गेले कोण जाणे. गाल बसले होते, मिशी पांढरीशुभ्र झाली होती. तिच्या लग्नात याच माणसानं, तेव्हा कॅप्टन होता, मांडवात सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्याच पानाशेजारी मांडी घालून शेवटच्या पंक्तीत जेवण केलं होतं. तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. “तुम्ही तरी कशाला ऐकलंत हो, भाऊजी?” ती म्हणाली. “थोरले होतात. एक थोबाडीत द्यायची होती आणि पाठवायचं होतं पोराला. एवढं जनरल होऊन लहान भावाचं ऐकायचं?”

ती तिथेच उभी राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाहेर बिगुलवाल्यानं हळूच घसा खाकरल्याचा आवाज आला. मागे आता शेवटचा एकच माणूस उरला होता, तिचा नवरा, आणि भावाचं तोंड बघायची त्याची पाळी तिच्यानंतर होती. तीन वाजत आले होते. मेजर कागद घेऊन तिच्याजवळ आला आणि जमेल तितक्या अदबीनं वाकला.

“मॅम, टाइम हो रहा है. पीछे अभी सर रह गए हैं. लाइन रुकी है.”

“रुकने दो, बेटा,” चारुलता म्हणाली, आणि विनयरावांच्या कपाळावर पडलेली झेंडूची पाकळी तिनं हलकेच बाजूला केली.